हिरवा की निळा? जरा भिंतीलाही विचारा!

घराचं रंगकाम आपल्याकडे दोनच वेळा निघतं. एक तर घरात लग्न ठरलं की, नाहीतर दिवाळी तोंडावर आली की. आणि दोन्ही वेळेला वाद ठरलेला! आईला पिस्ता हवा असतो, बाबांना काहीतरी 'मळखाऊ' हवं असतं, ताईला कुठल्यातरी मासिकात पाहिलेला आकाशी हवा असतो आणि रंगारी म्हणतो, "साहेब, क्रीम मारून टाकू, सगळ्यांना चालतो." मग शेडकार्ड या हातातून त्या हातात फिरतं. शेवटी घरातलं कोणीतरी वजनदार माणूस एका टिचभर चौकोनावर बोट ठेवतं आणि पुढची सात-आठ वर्षं सगळं घर त्या बोटाचा निकाल भोगतं.

हे आत्ताच लिहायचं कारण म्हणजे आपल्या हॉस्टेलच्या नोटीस बोर्डावर लागलेला कागद. उन्हाळ्याच्या सुट्टीत खोल्यांना रंग द्यायचा आहे. 'फिकट हिरवा' आणि 'फिकट निळा' असे दोन पर्याय दिलेत, शेजारी शेडचे दोन चौकोन चिकटवलेत आणि खाली सह्यांसाठी दोन रकाने. ज्याला जास्त सह्या तो रंग सगळ्या हॉस्टेलला. रंगाच्या बाबतीत पोरांना विचारावं असं वाटलं याबद्दल रेक्टर सरांचे मनापासून आभार, कारण एरवी रंग लागल्यावरच कळतो. पण मित्रांनो, मेसच्या रांगेत गेले चार दिवस जी चर्चा चालू आहे ती ऐकून राहवत नाही. कोणी म्हणतं निळा 'कूल' असतो. कोणी म्हणतं हिरव्याने डोळ्यांना आराम पडतो. कोणी म्हणतं हिरवा नको बाबा, तहसील कचेरीत झोपल्यासारखं वाटेल!

माझं म्हणणं थोडक्यात असं. हिरवा चांगला की निळा चांगला, हा प्रश्नच अर्धवट आहे. कुठल्या खोलीत, कुठल्या उजेडात, आणि त्या खोलीत राहणार कोण, हे विचारल्याशिवाय त्याचं उत्तर मिळत नाही. आपण इंजिनिअर होणार म्हणवतो, तर निदान लोड माहीत नसताना बीम डिझाइन करू नये!

आधी दोन्ही पक्षांची कुंडली मांडू.

निळा रंग आपल्या घरांत शिरला तो चुन्याच्या बादलीतून. चुन्याची सफेदी किंचित पिवळट दिसते म्हणून तीत नीळ टाकायची. निळ्याने पिवळेपणा मारला जातो आणि भिंत पांढरीशुभ्र दिसते. पांढऱ्या शर्टाला नीळ देतात ती याच हिशोबाने. हात जरा सढळ पडला की तीच भिंत आकाशी! खेडेगावातल्या कितीतरी घरांच्या आकाशी भिंतींमागे एवढंच शास्त्र आहे. ही पुडीतली नीळ म्हणजे अल्ट्रामरीन. एके काळी हा रंग अफगाणिस्तानातल्या खाणींमधल्या निळ्या दगडापासून काढत आणि युरोपात त्याला सोन्याच्या तोलाचा भाव येई. १८२४ मध्ये फ्रान्समधल्या एका संस्थेने तो कृत्रिम रीतीने स्वस्तात बनवणाऱ्याला बक्षीस जाहीर केलं आणि १८२८ मध्ये ज्याँ-बाप्तिस्त गिमे या केमिस्टने ते मिळवलं. राजेरजवाड्यांच्या चित्रांतला रंग तिथून हळूहळू धोब्याच्या टोपल्यात आला. केमिकलवाल्यांसाठी आणखी एक गोष्ट. अल्ट्रामरीन अल्कलीला दाद देत नाही, म्हणून चुन्यात टिकतो. प्रशियन ब्लू त्याच चुन्यात टाकला तर उडून जातो.

हिरव्याची कुंडली जरा भानगडीची आहे. १७७५ मध्ये शील या स्वीडिश रसायनशास्त्रज्ञाने एक झकास हिरवा रंग शोधला. एकोणिसाव्या शतकात युरोपातल्या घरांच्या भिंतींवर चिकटवायच्या नक्षीदार कागदांत असले हिरवे रंग सर्रास वापरले गेले. अडचण एवढीच, की तो रंग म्हणजे तांबं आणि आर्सेनिक यांचं संयुग होतं! भिंतीला ओल आली, कागदावर बुरशी धरली, की त्यातून आर्सेनिकचा विषारी वायू सुटायचा आणि माणसं घरात बसून आजारी पडायची. आजच्या हिरव्यात ती भीती नाही. आपल्याकडे घरगुती रंगांतल्या शिशावरही २०१७ च्या नोव्हेंबरपासून दहा लाखांत ९० भाग अशी कायद्याची मर्यादा आहे. पण ओल आणि रंग यांचं हे जुनं वैर लक्षात ठेवा, पुढे त्याचं काम आहे.

आपल्याकडच्या हिरव्याची बदनामी मात्र विषामुळे झालेली नाही, ती कचेऱ्यांमुळे झाली. छातीएवढ्या उंचीपर्यंत ऑइलपेंटचा गडद पट्टा, त्याच्या वर फिकट हिरवा डिस्टेंपर, कोपऱ्यात पानाची पिचकारी आणि छतावर कुरकुरणारा पंखा. तलाठी ऑफिस, सरकारी दवाखाना, जुनं रेस्ट हाउस, सगळीकडे हेच चित्र. त्यामुळे हिरवी भिंत दिसली की आपल्याला आपोआप रांगेत उभं असल्यासारखं वाटतं. आता यात त्या रंगाचा काय दोष? दोष असेल तर तो रंग वीस-वीस वर्षं न बदलण्याचा.

आणि खरी गंमत पुढेच आहे. आज डब्यातून येणारा हिरवा आणि निळा हे बहुतेक वेळा सख्खे भाऊ असतात! १९२८ मध्ये स्कॉटलंडमधल्या ग्रेंजमथच्या कारखान्यात एका भांड्याचं आतलं इनॅमल तडकलं, आतलं लोखंड उघडं पडलं आणि त्यातल्या मालात अचानक गडद निळा पदार्थ तयार झाला. माल खराब झाला म्हणून फेकून न देता तिथल्या माणसांनी तो तपासला. त्यातूनच थॅलोसायनिन या रंगांच्या घराण्याचा पत्ता लागला आणि १९३५ मध्ये त्यातला तांब्याचा निळा बाजारात आला. या निळ्याच्या रेणूच्या कडेला हायड्रोजनचे सोळा अणू असतात. ते काढून जवळजवळ सगळ्या जागी क्लोरीन बसवला की तोच पदार्थ हिरवा होतो. आज गुजरातमध्ये वापी, अंकलेश्वर, वटवा या पट्ट्यात हे रंग मोठ्या प्रमाणावर तयार होतात. म्हणजे ज्यावरून आपण मेसमध्ये एकमेकांची डोकी फोडतोय तो फरक आहे फक्त क्लोरीनचा!

आता मुद्द्याचं बोलू. भिंत स्वतः उजेड देत नाही. जो उजेड मिळतो त्यातला काही गिळते आणि उरलेला परत देते. त्यामुळे भिंतीचा रंग हा अर्धा डब्यातला आणि अर्धा खिडकीतला. आपलं हॉस्टेल 'एल' अक्षरासारखं आहे. एका विंगच्या खिडक्या उत्तरेला वर्कशॉपकडे उघडतात, दुसरीच्या पश्चिमेला ग्राउंडकडे. या दोन विंगना मिळणारा उजेड एकसारखा नाहीच, मग दोघींना एकच रंग शोभेल कसा?

उत्तरेच्या विंगचं घ्या. महाराष्ट्रात सूर्य दुपारी डोक्यावरून उत्तरेला झुकतो तो फक्त मे ते जुलैच्या सुमारास, आणि तेव्हाही जेमतेम. 'शून्य सावली'चा दिवस म्हणून टेरेसवर काठी उभी करून आपण बघतो ना, तोच हा प्रकार. त्यातला मे महिना सुट्टीत जातो, जून-जुलै ढगांत. उरलेलं वर्षभर उत्तरेच्या खिडकीतून येतो तो मुख्यतः आभाळाचा उजेड, आणि आभाळ निळं आहे. म्हणजे या खोल्यांना उजेडच मुळात निळसर मिळतो. त्यात भिंती निळ्या केल्या की खोली थंडगार, राखाडी, थोडी उदास दिसायला लागते. पावसाळ्यात तर दुपारी दोनला संध्याकाळचे सहा वाजल्यासारखं वाटेल. इथे पिस्ता हवा. ज्या हिरव्यात पिवळ्याचा अंश आहे तो निळसर उजेडात थोडी ऊब धरून ठेवतो.

पश्चिमेच्या विंगचं नेमकं उलट. दुपारी तीननंतर ऊन थेट गादीवर येतं आणि जसजसा सूर्य कलतो तसतसा उजेड पिवळा-नारिंगी होत जातो. त्यात पिस्ता रंग मेंदीसारखा पिवळट दिसायला लागतो. भर म्हणून खिडकीबाहेर दोन डेरेदार कडुनिंब आहेत, त्यांच्या पानांवरून परतणारा उजेडही हिरवटच. हिरव्या भिंती, हिरवा उजेड, आणि मधे बसलेला रूममेट कावीळ झाल्यासारखा! इथे फिकट आकाशी कामाचा. पिवळ्या उजेडात निळ्याचा तोरा आपोआप उतरतो, तो शांत, करडा होतो आणि डोळ्यावर येणारी तिरीप जरा बोथट वाटते.

"पण आपण खोलीत असतो ते रात्री," असं तुम्ही म्हणाल. बरोबर आहे. रात्रीचा सूर्य म्हणजे ट्यूब. आपल्याकडे बहुतेक ट्यूब साडेसहा हजार केल्विनच्या, म्हणजे निळसर पांढऱ्या असतात. एलईडी आल्यावरही दुकानदार सहसा तीच देतो. तिच्या उजेडात निळ्या भिंती आणखी निळ्या दिसतात. उलट घरी दिवाणखान्यात पिवळा 'वॉर्म' दिवा लावलेला असेल तर तोच निळा मळकट वाटेल. म्हणून रंग ठरवताना ट्यूबचाही हिशोब धरायला हवा. दुकानातल्या ट्यूबखाली एकसारखे दिसणारे दोन रंग घरी नेल्यावर वेगळे दिसतात, याला मेटामेरिझम म्हणतात. दुकानदार फसवतो असं नाही, दोन वेगळ्या रंगद्रव्यांची मिश्रणं एका उजेडात जुळतात आणि दुसऱ्यात जुळत नाहीत.

आता उजेड किती मिळतो ते पाहू, कारण अभ्यास रंगावर होत नाही, उजेडावर होतो. इमेज प्रोसेसिंगवाल्यांना ग्रेस्केलचं सूत्र पाठ असेल : लालला ०.२९९, हिरव्याला ०.५८७, निळ्याला ०.११४. ही वजनं कोणी हवेतून काढलेली नाहीत. आपला डोळा दिवसाउजेडी ५५५ नॅनोमीटरच्या आसपास, म्हणजे पिवळट हिरव्याला सगळ्यात जास्त दाद देतो, आणि निळ्याला फारच कमी. म्हणजे भिंतीने लाल-हिरवा गिळून फक्त निळा परत दिला तर डोळ्याच्या हिशोबाने बराचसा उजेड गेलाच. त्यामुळे निळ्याची शेड जराशी गडद घेतली की खोली पटकन अंधारते. हिरव्याला थोडी सूट मिळते.

आणि हा परिणाम एकदाच होत नाही. उजेड या भिंतीवरून त्या भिंतीवर, तिथून छतावर असा आपटत राहतो. सगळीकडून बंद आणि एकाच रंगाची खोली धरली, तर एकूण उजेड किती पट होतो याचं साधं भूमितीय श्रेणीचं गणित आहे : १ भागिले (१ वजा परावर्तन). भिंतीने ७० टक्के उजेड परत दिला तर उत्तर येतं ३.३ पट, ५० टक्के दिला तर २ पट. खऱ्या खोलीत फरशी, कपाट, खिडकी, दोरीवर वाळत घातलेल्या जीन्स हे सगळं असतं, त्यामुळे फरक इतका मोठा राहत नाही. पण दिशा हीच. दोन शेड गडद रंग घेणं म्हणजे ट्यूबचे पैसे भरून अर्धवट उजेड घेणं. म्हणून हिरवा घ्या की निळा, फिकटच घ्या, आणि छत पांढरंच ठेवा. काही कंपन्या प्रत्येक शेडचा 'एलआरव्ही' म्हणून आकडा देतात, तो हाच : शंभरातला किती उजेड परत येणार. शेडच्या गोंडस नावापेक्षा तो आकडा वाचावा.

याच आपटाआपटीचा दुसरा परिणाम म्हणजे रंग गडद होत जातो. चहा जितका उकळावा तितका कडक, तसंच. प्रत्येक वेळी भिंत आपल्या रंगाचा उजेड ठेवते आणि बाकीचा गिळते. त्यामुळे शेडकार्डवर जो चौकोन 'अगदी हलका' वाटला तो चार भिंतींवर लागल्यावर अंगावर येतो. नोटीस बोर्डावरचे ते दोन चौकोन बघून सही करणाऱ्यांनी एवढं ध्यानात ठेवावं. कार्डावर जी शेड आवडली, तिच्यापेक्षा एक पायरी हलकी घ्यावी. शिवाय ओला रंग आणि वाळलेला रंग यातही फरक असतो. चुना वाळल्यावर उजळतो, इमल्शन वाळल्यावर थोडं गडद होतं. रंगारी पहिला हात मारत असतानाच "अरे, हा तो नाहीच!" म्हणून ओरडण्यात अर्थ नाही.

शेजाराचाही हिशोब असतो. पॅरिसच्या गोबलॅँ कारखान्यात गालिचे विणणारे तक्रार करायचे की काळा धागा नीट काळा दिसत नाही. तिथल्या रंगखात्याचे प्रमुख शेव्रल यांनी तपास केला तेव्हा काळ्या रंगात काहीच खोट सापडली नाही. शेजारी निळा-जांभळा धागा आला की काळा फिका दिसायचा. याच विषयावर त्यांनी १८३९ मध्ये जाडजूड ग्रंथ लिहिला. आपल्या खोल्यांत शहाबादी फरशी आहे, ती निळसर करडी. तिच्यावर निळ्या भिंती म्हणजे थंडीवर थंडी. घरी तुमच्याकडे लाल कोबा असेल तर त्याच्याशेजारी हिरवा आणखी हिरवा दिसेल. दिवाणखान्यातला सोफा, पडदे, लाकडी कपाट, सगळे असेच आपापलं मत भिंतीवर लादत असतात.

आता मेसमधल्या आवडत्या समजुतींकडे वळू. निळ्याने खोली थंड राहते? थर्मामीटरला विचारा. आतल्या भिंतीच्या रंगाने तापमान उतरत नाही. उष्णता अडवायची तर गच्चीला पांढरा रंग द्यायला हवा, तिथे खरा फरक पडतो. निळ्याने झोप उडते? डोळ्यातली झोपेचं घड्याळ चालवणारी यंत्रणा ४८० नॅनोमीटरच्या आसपासच्या निळ्या उजेडाला जागी होते हे खरं, पण भिंत नवा निळा उजेड तयार करत नाही, आलेल्यातलाच परत देते. झोप उडवणारी वस्तू रात्री दोन वाजता तुमच्या नाकासमोर असते आणि चार्जिंगला लावलेली असते! ऑपरेशन थिएटरमधला हिरवा 'शांततेसाठी' असतो? १९१४ च्या सुमारास सॅन फ्रान्सिस्कोच्या एका सर्जनने पांढऱ्या भिंती आणि कापड बदलून हिरवं आणलं, ते पांढऱ्याची चकाकी डोळ्याला त्रास देई म्हणून. शिवाय बराच वेळ लाल रक्ताकडे पाहून नजर पांढऱ्यावर गेली की हिरवट ठिपके तरंगतात, ते हिरव्यात लपून जातात. उपाय त्या कामासाठी होता. आपल्या खोलीत रक्त नाही, फार तर व्हायव्हाच्या आदल्या दिवशी घाम असतो. हिरव्याने एकाग्रता वाढते, निळ्याने मार्क वाढतात, असल्या दाव्यांवर मी तरी एक रुपया लावणार नाही.

एका नाजूक गोष्टीबद्दलही बोलायला हवं, कारण ती कुजबुजत बोलली जाते. महाराष्ट्रात हे दोन रंग नुसते रंग नाहीत. निळा म्हटलं की आंबेडकरी चळवळीचा झेंडा आठवतो, हिरवा म्हटलं की अनेकांच्या डोळ्यासमोर मुस्लिम समाज येतो. ज्यांनी त्या रंगाखाली मान ताठ ठेवून चालायला शिकलं, त्यांच्यासाठी त्याचं मोल मोठं आहे आणि त्याचा आदर व्हायलाच हवा. पण सह्यांच्या कागदाजवळ उभं राहून "हा कोणाचा रंग रे?" असं डोळा मारत विचारणं हा विनोद नाही. त्या एका वाक्याने सही करायला आलेला एखादा ज्युनियर हात मागे घेतो. हिरवा चुडा भरल्याशिवाय आपल्याकडे नवरी उभी राहत नाही. निळ्यासावळ्या विठ्ठलाच्या पायाशी सगळा महाराष्ट्र डोकं ठेवतो. रंग सगळ्यांचे आहेत. खोलीची निवड खोलीच्या उजेडावरून करू या, आडनावावरून नको.

"चार वर्षं काय, झोपायलाच तर येतो, कुठलाही मारा," असं म्हणणारेही आहेत. त्यांना विचारावंसं वाटतं, पीएलमध्ये तुम्ही दिवसातले चौदा तास कुठे असता? ताप आला की कुठे पडून असता? केटीचा निकाल लागल्यावर दार लावून कुठे बसता? पहिल्या वर्षाला गावाकडून आलेलं पोर पहिल्या रात्री कोणाला दिसू नये म्हणून भिंतीकडे तोंड करून झोपतं. त्याच्यापासून वीतभर अंतरावर दुसरं कोणी नसतं, ती भिंतच असते. तिच्यावर दोन दिवस विचार करणं हे काही जास्त नाही.

आणि भिंतीवर विचार करायचाच तर आधी ओलीचा करावा. उत्तरेच्या विंगमधल्या वरच्या मजल्यावर बाथरूमला लागून असलेल्या भिंतींना पोपडे सुटलेत, हात लावला की भुगा पडतो. गळती न काढता त्यावर हिरवा मारा, निळा मारा की सोनेरी मारा, दुसऱ्या पावसाळ्यात तो खाली येणार. पाइपची दुरुस्ती, भिंत पूर्ण वाळणं, मग खरवडून लांबी, पॉलिश पेपर, प्रायमर आणि त्यावर रंगाचे दोन हात, हा क्रम सिव्हिलवाल्यांनी सांगायची गरज नाही, कोणताही चांगला रंगारी सांगेल. यात पैसा वाचवला तर रंगाची चर्चा करण्यातच अर्थ उरत नाही.

"दोन रंग घेतले तर खर्च वाढेल," हा ऑफिसचा आक्षेप येणारच, म्हणून हिशोब मांडतो. दहा बाय बाराची खोली, उंची दहा फूट. चार भिंती मिळून ४४० चौरस फूट, दार-खिडकी वजा करून साधारण ४००. एका लिटरमध्ये दोन हातांचे ६०-७० चौरस फूट धरले तर खोलीला सहा ते सात लिटर. विंगमध्ये चाळीस खोल्या धरल्या तर अडीचशे लिटरच्या पुढे, म्हणजे वीस लिटरच्या तेरा-चौदा बादल्या. इतका माल घेताना प्रत्येक विंगचा रंग वेगळा ठेवला तर वाया जाणार किती? फार तर एक बादली. मजुरी तेवढीच. पुढे टचअपला अडचण नको म्हणून दोन्ही शेडचे कोड नंबर स्टोअरच्या रजिस्टरमध्ये लिहून ठेवले की झालं.

तेव्हा माझी सूचना अशी. सह्यांचा कागद आठवडाभर थांबवावा. दोन्ही रंगांचा एकेक लिटर आणावा. प्रत्येक विंगमधल्या दोन खोल्यांत, एकदा खिडकीशेजारच्या भिंतीवर आणि एकदा खिडकीसमोरच्या भिंतीवर, दोन बाय दोन फुटांचे चौकोन मारावेत, दोन हातांचे, नीट वाळवून. मग सकाळी आठला, दुपारी, संध्याकाळी सहाला आणि रात्री ट्यूबखाली ज्याला बघायचंय त्याने येऊन बघावं. त्यानंतर प्रत्येक विंगने आपल्यापुरतं मत द्यावं. मेसवाल्या मावशी आणि वॉचमन काका यांनाही विचारावं, तेही दिवसभर याच इमारतीत असतात, आणि भिंत मळते कुठे हे आपल्यापेक्षा त्यांना जास्त माहीत आहे.

माझं मत विचाराल तर उत्तरेला पिस्ता, पश्चिमेला आकाशी, छत दोन्हीकडे पांढरं. पण चौकोन मारल्यावर पोरांना उलटं आवडलं तर माझी तक्रार नाही, कारण तेव्हा निर्णय भिंत बघून झालेला असेल. आणि हीच युक्ती दिवाळीत घरी चालवून बघा. आई-बाबांचा वाद रंगात आला की मधे पडू नका. दोन छोटे डबे आणा, दोन चौकोन मारा आणि चार दिवस तिथे कॅलेंडर लटकवू नका. चौथ्या दिवशी कोणीतरी आपोआप म्हणतं, "हाच बरा दिसतोय." बहुतेक वेळा म्हणणारी आईच असते, कारण त्या भिंतीकडे चारही दिवस चारही वेळेला तिचंच लक्ष गेलेलं असतं.

बघा, पटतंय का!